बंद पडलेला घरचा स्विमिंग पूल पुन्हा चालू करताना: बडोद्यातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वासणा-भायली, सेवासी, जुना पादरा रस्ता, समा-सावली या भागांतल्या बऱ्याच बंगल्यांमागे एक पूल असतो. मुलं लहान असताना हौसेने बांधलेला आणि मुलं शिकायला बाहेर पडल्यावर हळूहळू बंद पडलेला. मग कधीतरी नातवंडं सुट्टीला यायची ठरतात, किंवा जुना बंगला नवे मालक घेतात, आणि हिरव्या पाण्याकडे बघत पहिला प्रश्न पडतो तो हा.

पाणी हिरवंगार झालंय. सगळं उपसून नव्याने भरू का?

नको. निदान आज तरी नको, आणि पावसाळ्यात तर अजिबात नको.

पाण्याने भरलेला पूल जमिनीत घट्ट बसून राहतो तो त्या पाण्याच्या वजनामुळे. ४३ हजार लिटरचा पूल म्हणजे ४३ टन पाणी. ते काढलं आणि बाहेरच्या मातीत पाण्याची पातळी वर आलेली असली, तर खालून येणारा दाब अख्खा हौद उचलतो. एकतर तळाला तडे जातात, किंवा एक कोपरा वर येऊन पाइप तुटतात. असा उचललेला पूल बहुधा दुरुस्त होत नाही, तो फोडावाच लागतो. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते ती उगीच नाही. आपल्याकडचं भूजल उन्हाळ्यात खोल जातं आणि पावसाळ्यात वर चढतं. विश्वामित्रीच्या आसपासच्या सोसायट्यांत तर दिवाळीपर्यंत जमीन ओली असते. त्यात काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हात आक्रसणारी, म्हणजे रिकाम्या भिंतींवर बाजूनेही जोर.

खरं सांगायचं तर हिरवं पाणी हे पाणी बदलण्याचं कारणच नाही. शेवाळ मरतं, गाळलं जातं आणि तेच पाणी पुन्हा निळं होतं. आठ-दहा दिवसांची चिकाटी लागते, एवढंच.

उपसावं लागतं ते तीन प्रसंगी: पुराचं सांडपाणी मिसळलं असेल तर, सायन्युरिक ॲसिड १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भागांच्या) वर गेलं असेल तर (त्याबद्दल पुढे), आणि टाइल किंवा प्लास्टर काढायचं असेल तर. तेव्हाही एप्रिल-मे निवडा, जवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी किती खाली आहे ते बघा आणि शक्य असेल तिथे एक तृतीयांश काढून तितकंच भरा. पूर्ण रिकामा करायचाच झाला, तर तळाच्या ड्रेनमध्ये भूजलाचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलेला आहे का आणि तो हलतो का, हे पूल बांधणाऱ्या माणसाकडून आधी तपासून घ्या.

मग सुरुवात कुठून करायची?

जाळीने. लांब दांड्याची खोल जाळी घ्या आणि तळातला पाला बाहेर काढा. फाल्गुनात कडुनिंब झडतो, आसोपालव वर्षभर पानं टाकत असतो, आणि तळाशी कुजलेल्या पानांचा काळा थर असेल तोवर तुम्ही टाकलेलं क्लोरीन शेवाळापर्यंत पोहोचतच नाही; ते त्या पाल्यातच खर्ची पडतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच माळी किंवा पूलवाला ते अर्धवट सोडतो. तळ दिसत नसतो, तेव्हा जाळी आंधळेपणानेच फिरवावी लागते. जाळीत पानं येणं थांबेपर्यंत फिरवत राहा.

या टप्प्यावर व्हॅक्यूम लावू नका. पाइप तुंबेल.

त्यानंतर पंप आणि फिल्टर. पाणी फिरत नसेल तर औषध टाकून उपयोग नाही, ते एका कोपऱ्यात पडून राहतं आणि टाइलचा रंग खातं. पंप चालू, फिल्टर चालू, मग पाण्याची तपासणी, मग पीएच, मग क्लोरीन. हा क्रम बदलला की पैसे वाया जातात. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी “इतकं औषध ओतलं तरी काही फरक नाही” याच असतात, आणि विचारलं तर पंप बंदच असतो.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी: तळ दिसत नाही तोवर कोणीही पाण्यात उतरायचं नाही आणि पुलाकडे जाणारं दार बंद ठेवायचं. हिरव्या पाण्यात बुडालेलं मूल दोन फुटांवरूनही दिसत नाही.

आमच्या पुलात किती लिटर पाणी आहे ते कसं काढू?

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या उत्तराला १००० ने गुणा. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ बाजूला १ मीटर आणि खोल बाजूला १.७ मीटर असेल तर सरासरी खोली १.३५, म्हणजे ४३,२०० लिटर. हा आकडा पंपघराच्या दारावर ऑइलपेंटने लिहून ठेवा. पुढची सगळी मापं याच्यावरच बेतलेली असतात.

क्लोरीन किती आणि कुठलं टाकायचं?

आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. पीएच ८ असेल तर टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम पाव भाग कामाला येतो. बोअरच्या पाण्याचे पूल बहुधा चढेच असतात, तिथे थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून, खोल बाजूला हळूहळू ओतावं लागतं.

मग क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्या. वरच्या ४३,२०० लिटरच्या पुलाला त्यासाठी साधारण ४३० ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवं. दुकानात ते तीन रूपांत मिळतं. द्रवरूप हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ताजा असेल तर सुमारे चार लिटर. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण ६६५ ग्रॅम. आणि टीसीसीए ९०, म्हणजे त्या पांढऱ्या गोळ्या किंवा दाणे.

शेवाळ मारण्यासाठी आमची पसंती द्रवरूप हायपोला. मागे काही उरत नाही, लगेच काम करतं आणि आपल्या शहराला ते ताजं मिळणं अवघड नाही. रानोलीच्या गुजरात अल्कलीजसारखा क्लोरीनचा मोठा कारखाना आपल्या उंबऱ्यावर आहे. फक्त ते उन्हात राहिलं की झपाट्याने मरतं. मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला कॅन घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

टीसीसीए वाईट नाही, पण त्याच्याबरोबर सायन्युरिक ॲसिड येतं. ते उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, म्हणून ३० ते ५० पीपीएम असलेलं चांगलंच. पण टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिलं की ६ पीपीएम सायन्युरिक वाढतं, आणि ते उडून जात नाही, साचत जातं. रोज २ पीपीएम क्लोरीन फक्त गोळ्यांनी दिलंत तर महिन्यात ३५ च्या वर वाढ. दोन-तीन उन्हाळे असेच गेले की क्लोरीन मीटरवर दिसतं, पाणी मात्र हिरवं होत राहतं. “पूर्वी एक गोळी पुरायची, आता पाचही पुरत नाहीत” हे ऐकलं की आम्ही आधी सायन्युरिकच तपासायला सांगतो. ते जितकं जास्त तितकं क्लोरीनही वर न्यावं लागतं. शेवाळ मारताना सायन्युरिकच्या साधारण ४० टक्के. म्हणजे ५० असेल तर २० पीपीएम.

क्लोरीन सूर्य मावळल्यावर टाका. भिंती आणि पायऱ्या कडक ब्रशने घासा, कारण शेवाळावरचा बुळबुळीत थर फुटल्याशिवाय आत काही शिरत नाही. दिवसातून दोनदा तपासा आणि खाली आलेलं पुन्हा भरा. पंप रात्रंदिवस चालू. पाणी हिरव्याचं राखाडी, मग दुधाळ निळं होतं. दुधाळ झालं की लोक घाबरतात. ते मेलेलं शेवाळ असतं आणि ती चांगली खूण आहे. आता काम फिल्टरचं.

थांबायचं केव्हा? तळ स्पष्ट दिसतो, जोडलेलं क्लोरीन (घाणीशी जोडलं जाऊन निकामी झालेलं) ०.५ पीपीएमच्या आत आहे, आणि रात्री मोजलेलं क्लोरीन सकाळी ऊन यायच्या आत मोजलं तर १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलेलं नाही. तिन्ही हवीत. रात्री ऊन नसतं. तरी क्लोरीन संपत असेल तर ते कोणीतरी खातंय.

किटमध्ये गुलाबी रंगच येत नाही. क्लोरीन शून्य आहे का?

कदाचित उलटं असेल. क्लोरीन फार जास्त झालं की डीपीडीचा (किटमधल्या तपासणीच्या औषधाचा) गुलाबी रंग उमटताक्षणी उडून जातो आणि पाणी कोरं दिसतं. थेंब पडताना क्षणभर गुलाबी झाक दिसली का, ते बारकाईने बघा. मग पुलाचं एक भाग पाणी आणि आरओचं चार भाग पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि उत्तराला पाचने गुणा. पिवळ्या रंगाचं जुनं किट फक्त एकूण क्लोरीन दाखवतं. पूल सुधारताना त्याच्यावर विसंबू नका.

शेजारचे काका म्हणतात मोरचूद टाका. ब्लीचिंग पावडर आणि तुरटीचं काय?

मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरं. पण तांबं पाण्यात राहतं, प्लास्टरवर निळसर-काळे डाग पाडतं आणि ते डाग काढणं शेवाळ काढण्याहून कठीण. घरच्या पुलात टाकू नका.

ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन साधारण तेहतीस टक्के, बाकीचा चुना. अडचणीला चालेल, पण बादलीत भिजवून, गाळ खाली बसू देऊन फक्त वरचं पाणी ओता. नाहीतर तळाला पांढरी साय आणि फिल्टरमध्ये दगड.

तुरटी मात्र उपयोगाची आहे, शेवाळ मेल्यावर. दर हजार लिटरला साधारण ५० ग्रॅम विरघळवून पसरा, दोन तास पाणी फिरवा, पंप बंद करून रात्रभर सोडा. सकाळी सगळा गाळ तळाशी बसलेला असतो. तो व्हॅक्यूमने काढताना मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा) “वेस्ट”वर हवा, “फिल्टर”वर नाही. फिल्टरवर ठेवलंत तर तोच गाळ वाळूत अडकतो किंवा परत पुलात येतो. व्हॅक्यूमचं डोकं अगदी हळू सरकवा, धूर उडाला की थांबा. तुरटीने अल्कलिनिटी उतरते, ती नंतर खाण्याच्या सोड्याने ८० ते १२० पीपीएमवर आणा.

केमिकल हाताळताना काय सांभाळायचं?

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागते, स्फोट होतो. एकच चमचा, एकच डबा, एकच फ्लोटर (गोळ्यांचा तरंगता डबा) दोघांना वापरू नका. ॲसिड आणि कुठलंही क्लोरीन एकत्र आलं की विषारी वायू. हे दोन नियम माळ्याला, पूलवाल्याला आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांच्या भाषेत समजावून सांगा. केमिकल नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी केमिकलवर नाही. पंपघरात, मोटरच्या शेजारी, ॲसिडची बाटली ठेवू नका; तिच्या वाफेने मोटर आणि पॅनेल दोन्ही गंजतात. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा वेगळ्या, हवेशीर जागी कुलूप लावून ठेवा.

पंप चालतो पण पाणी ओढत नाही. काय बघू?

पाण्याची पातळी स्किमरच्या (भिंतीतल्या, वरचा कचरा ओढणाऱ्या खाचेच्या) तोंडाच्या निम्म्यावर आहे का? नसेल तर पंप हवाच ओढणार. मग पंपाच्या पुढच्या टोपलीचं झाकण उघडा, टोपली साफ करा, भांडं पाण्याने काठोकाठ भरा आणि झाकणाची रबर रिंग बोटाने चाचपा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या पुलात ती चपटी, कडक झालेली असते. नवी बसवा, सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. तरी पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसत असतील तर ओढणाऱ्या बाजूच्या युनियनवर (पाइपच्या जोडावर) आणि व्हॉल्व्हच्या दांडीवर शेव्हिंग फोम लावा. जिथे फोम आत खेचला जातो तिथे गळती.

झाकण ठीक, हवा नाही, तरी जोर नाही? इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) उघडा. बडोद्यात जानेवारीनंतर हे हमखास होतं. उत्तरायणात पुलात पडलेला नायलॉन मांजा टोपलीच्या भोकांतून आरपार जातो आणि इम्पेलरच्या मागे शाफ्टला गुंडाळला जातो. इतका बारीक आणि घट्ट की काळ्या सीलवर तो नजरेला दिसत नाही, नख फिरवलं की खाचेसारखा लागतो. तसाच चालवला तर तो मेकॅनिकल सील कापतो आणि मग पंप व मोटरच्या मधून थेंब थेंब पाणी सुरू होतं. मेन बंद करून, हातमोजे घालून, ब्लेडने कापून काढा. संक्रांत संपली की दुसऱ्या दिवशी जाळी फिरवा, हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

थ्री-फेज मोटर असेल आणि नुकतीच वायरिंग झाली असेल तर ती उलटी फिरत नाही ना, ते बघा. उलटी फिरली तरी पाणी थोडं येतं, म्हणून शंका येत नाही.

मोटर फक्त गुणगुणते आणि ट्रिप होते.

मेन बंद. मोटरच्या मागच्या बाजूने शाफ्ट हाताने किंवा स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघा. फिरत नसेल तर ती बसून राहून जाम झालीय: गंज, मांजा किंवा बेअरिंग. सहज फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलाय. तो वरून फुगलेला किंवा तेलकट दिसतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहते, म्हणून तो इलेक्ट्रिशियनलाच बदलू द्या.

पुराचं पाणी पंपघरात शिरलं होतं. मोटर सुकलीय, चालू करून बघू?

बघू नका. २०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री घराघरांत शिरली, तेव्हा कितीतरी मोटरी पाण्याने नाही तर घाईघाईने दाबलेल्या बटणाने जळाल्या. बाहेरून कोरडी दिसली तरी वाइंडिंगच्या आत ओल आणि चिखल असतो. मोटर उतरवून रिवाइंडिंगवाल्या भाईंकडे द्या. ते उघडून धुतील, भट्टीत सुकवतील, बेअरिंग बदलतील आणि मेगरने इन्सुलेशन तपासतील. एक मेगओहमच्या वर आकडा आल्याशिवाय जोडू नका. पॅनेल, टायमर आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नवे घ्या, तिथे काटकसर नको.

पुलातल्या पाण्यात त्या वेळी गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. तरीही ते लगेच उपसू नका, कारण नेमकी तेव्हाच जमीन पाण्याने तुडुंब असते. कुंपण लावा, डास होऊ नयेत म्हणून क्लोरीन देत राहा आणि भूजल उतरल्यावर टप्प्याटप्प्याने बदला.

फिल्टरचा काटा काय सांगतो?

बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं) केल्याबरोबर दाबाचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. त्यापेक्षा अर्धा किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) वर चढला की पुन्हा बॅकवॉश. शेवाळ मरत असताना दिवसातून दोनदाही करावा लागेल. मागच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालवा, मग अर्धा मिनिट रिन्स. व्हॉल्व्हची मूठ पंप चालू असताना कधीही फिरवू नका. आतली गॅस्केट उखडते आणि मग “फिल्टर”वर असतानाही पाणी वेस्टच्या पाइपातून जात राहतं.

काटा खाली आणि प्रवाहही कमी असेल तर अडथळा पंपाच्या अलीकडे आहे: टोपली, स्किमर, इम्पेलर. काटा वर आणि प्रवाह कमी असेल तर वाळू.

वाळू पाच-सात वर्षांनी बदलावी. झाकण उघडून मूठभर घ्या. चांगली वाळू बोटांतून सुटी गळते. मूठ उघडल्यावर ढेकूळ तसंच राहिलं, किंवा पृष्ठभागावर उंदराच्या बिळासारखी भोकं दिसली, तर पाणी न गाळताच आरपार जातंय. बांधकामाची नदीची वाळू चालत नाही. अर्धा ते एक मिलिमीटरची धुतलेली सिलिका वाळूच हवी. नवी भरताना तळातल्या लॅटरलवर (पाणी गोळा करणाऱ्या नळ्यांवर) ती दाणकन ओतू नका, आधी टाकी अर्धी पाण्याने भरा. पुलाच्या तळाला इनलेटसमोर वाळूचे ढीग दिसले तर एखादा लॅटरल तुटलाय.

क्लोरीन टाकल्याबरोबर पाणी चहाच्या रंगाचं झालं.

बोअरच्या पाण्यातलं लोह. भिंतीवर डाग असेल तर व्हिटॅमिन सीची गोळी त्यावर मिनिटभर दाबून धरा. डाग फिका पडला की लोहच. फिल्टर सतत चालवा आणि गाळ वेस्टवर काढा. पुढे पाणी भरताना शक्य असेल तर नळाचं, आजव्याचं किंवा महीचं पाणी घ्या. बोअरमुळेच टाइलच्या रेघेवर पांढरा खर बसतो. तो व्हिनेगरने आणि प्युमिसच्या दगडाने निघतो. ॲसिड वॉशची घाई करू नका, त्याने सिमेंटच्या फटी पोखरतात.

पाणी रोज कमी होतंय. गळती आहे की ऊन?

पुलाच्या पायरीवर एक बादली ठेवा, तिच्यात पुलाच्या पातळीइतकं पाणी भरा आणि दोन्हीकडे खूण करा. २४ तासांनी दोन्ही सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. बडोद्याच्या मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास जाणं साधं आहे. पूल जास्त उतरला तर गळती. पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा हे करा; चालू असतानाच जास्त उतरत असेल तर दोष पाइपात. नाहीतर पाणी उतरत कुठे थांबतं ते बघा: स्किमरखाली थांबलं तर स्किमर, दिव्याजवळ थांबलं तर दिव्याच्या वायरचा पाइप. शंका असेल तिथे, पाणी स्थिर असताना, पिचकारीने खाण्याच्या रंगाचे दोन थेंब सोडा. रंग फटीत ओढला जातो.

पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

मेन बंद करा, सगळ्यांना लांब ठेवा, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. पाण्याखालचा दिवा १२ व्होल्टचा आणि पूर्ण सर्किट ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर असल्याशिवाय पूल वापरायचा नाही.

पुलात मगर दिसली, तर?

विश्वामित्रीच्या काठच्या माणसाला हा प्रश्न काल्पनिक वाटत नाही. पुरात मगरी सोसायट्यांत येतात आणि शांत हिरवा पूल त्यांना तळ्यासारखाच. पंप चालू करू नका, काठीने डिवचू नका, गर्दी जमवू नका. कुत्रं बांधा, दार लावा, वन विभागाला कळवा. त्यांची माणसं आणि शहरातले प्राणिमित्र हे काम सरावाने करतात. नाग-धामणीलाही हेच लागू. बेडूक आणि छोटे जीव बुडू नयेत म्हणून मात्र एक फळी तिरकी टाकून ठेवा, ते आपोआप चढून जातात.

डासांचं गांभीर्य याहून जास्त आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. काम सुरू व्हायला वेळ असेल तर आजच पाण्यात बीटीआय (डासांच्या अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) टाका किंवा महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे गप्पी मासे मागा. मासे सोडलेत तर क्लोरीनच्या आधी ते काढून घ्या.

पूल आता छान झालाय, पण आम्ही जूनपासून मुलीकडे पुण्याला असतो. कसा ठेवून जाऊ?

भरलेला. जायच्या आठवड्यात पीएच आणि क्लोरीन नीट करा, पाला काढा, फिल्टर बॅकवॉश करा. टायमरवर पंप दिवसाला चार तास ठेवा. ओव्हरफ्लोचं तोंड मोकळं आहे का बघा, नाहीतर पावसाचं पाणी पंपघराकडे वळेल. फ्लोटरमध्ये टीसीसीएच्या गोळ्या चालतील, पण आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन टोपली साफ करायला आणि क्लोरीन मोजायला हवं. मुख्य ड्रेनची जाळी घट्ट स्क्रूने बसलेली आहे का ते जायच्या आधी स्वतः हलवून बघा. सैल जाळीवर पोहणाऱ्या मुलीचे केस ओढले जाऊन जीव जातो. शेजाऱ्यांकडे पंपघराची किल्ली द्या आणि पाणी अंगणात चढायला लागलं तर आधी कुठला स्विच पाडायचा, ते त्यांना प्रत्यक्ष दाखवून जा.